मानकऱ्याचा हात आणि बुंदीची परात

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. देव बघतो काय? नेसलेलं सोवळं — की बोटाची नखं? अहो, लपवता कशाला हात? मी अजून कुणाला विचारलंसुद्धा नाही!

ऐका तर. बोरखिंड नावाचं गाव. भैरोबाचा भंडारा. त्या दिवशी बुंदीचे लाडू! आणि लाडवांची मुखत्यार कोण? द्वारकाबाई घोलप. विधवा बाई. वर्षभर गावात तिला कोण विचारत होतं? पण भंडाऱ्याला तिचा शब्द! बावीस वर्षं तेवढा एकच मान होता तिच्या पदरात.

तिचा नियम एकच. परातीला हात लावायचा, तर आधी साबण. आणि किती वेळ चोळायचा? तर भैरोबाचं नाव एकवीस वेळा घेईपर्यंत!

आता गावाची रीत अशी — पहिला लाडू वळायचा मान मोकाशांचा. सोवळ्याचं रेशमी नेसून मोकाशीदादा यायचे. ते रेशीम म्हणजे काय सांगू! आजोबांपासूनचं. साबणाला विचाराल तर म्हणेल, आमची ओळख नाही! पवित्र ना — मग धुवायचं कशाला? आणि दादांना आजवर कुणी हटकलंच नव्हतं!

आले दादा. दारात थांबले, डाव्या तळव्यावर तंबाखू-चुना मळला, चिमूट ओठात सोडली, सोवळ्यालाच हात पुसले — आणि निघाले परातीकडे!

द्वारकाबाई आडवी उभी राहिली.

"दादा, हात धुवा."

"अगं, सोवळ्यात आहे मी!"

"सोवळं कमरेला आहे, दादा. बुंदीला हात लागणार."

हसताय? तिथे नाही हसलं कुणी! दादा लालबुंद.

"द्वारके, मोकाशाला शिकवतेस? पुढच्या वर्षी चुलीपाशी दिसायची नाहीस तू!"

मंडळी, तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा! बाजूला झाला असता. मीसुद्धा झाले असते. एवढ्याशा तंबाखूने कोण मरतंय, म्हटलं असतं!

पण तिने काय केलं? पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. बोटाला चिंधी. नखुरडं झालं होतं — पू धरलेलं.

"बावीस वर्षांत आज पहिल्यांदा परातीला हात लावला नाही मी, दादा. सकाळपासून लांब उभी राहून नुसतं सांगतेय. जीव तुटतोय माझा. पण पंगतीला लेकरं बसायची आहेत. जो नियम मला, तोच तुम्हाला. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. आज हात धुवा!"

आणि मग — लाडू वळायला बसलेल्या नऊ बायका उठल्या. नळापाशी गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या. धुतलेले हात पुन्हा धुवायला लागल्या. भैरोबा, भैरोबा, भैरोबा... रांगेत पुढे एक जागा मोकळी ठेवली. दादांची!

दादा बघत राहिले. देव खोळंबलेला, पंगत खोळंबलेली. गेले शेवटी. साबण लावला. पाणी पडलं फरशीवर — काळं! दादांनीच बघितलं, आणि न सांगता साबण पुन्हा उचलला.

पुढे? पुढच्या वर्षी द्वारकाबाईला बोलावलं नाही. हो, खरंच नाही! मान दुखावलेला माणूस हात धुतो, पण विसरत नाही. तिची चूल गेली. पण तिचा साबण? तो हलवायची हिंमत नाही झाली कुणाची. आजही बोरखिंडीत लाडवाआधी एकवीस वेळा नाव घेतात.

मंडळी, कीर्तन संपलं की प्रसाद आहे. वाढणारे पुढेच बसलेत, ओळखते मी! आत्ता टाळ्या वाजवल्या ते हेच हात. चप्पल सरकवली ती याच हातांनी. नाक — असू द्या, सगळ्यांनी बघितलंय.

दारात बादली आणि साबण ठेवलाय. पदर खोचून पहिली मी जाते. ज्याला राग आला त्याने मला पुढच्या वर्षी बोलावू नये! पण आज वाढपाच्या पळीला हात लावायच्या आधी — बाह्या वर! चोळा! आणि म्हणा माझ्यामागून, एकवीस वेळा, मोठ्याने — भैरोबा!