सात नंबरची काच

सून : बाबा, आधी शिडीवरून खाली या. तुमच्या डोक्यावरची सात नंबरची काच फुटलीय.

सासरे : फुटली तर फुटली. बोटभर पट्टी ती.

सून : बोटभर? भिंतीच्या भेगेवर ती चिकटवलीय कशाला? भिंत केसभर सरकली तरी तडकावी म्हणून. काल वरच्या टॉवरचं ओझं नव्या खांबांवर घेतलं आणि आज ही फुटली! हे जुनं तारघर सरकलं, बाबा.

सासरे : बाकीच्या अकरा?

सून : धड आहेत. पण ठरलंय ते ठरलंय. भिंत हलली की तारघर धोक्याचं, पाडायचं. इंजिनिअर म्हणून सही माझीच.

सासरे : पाडायचं? दोन वर्षं एकेक दगड हातानं घासलाय मी.

सून : आणि मी चार वर्षं रक्त आटवलंय! या म्हाताऱ्या तारघराला धक्का न लावता वर चाळीस मजले उभे करायचे म्हणून. सगळे म्हणत होते, पाडून मोकळी हो. साहेबांना फोन लावते.

सासरे : नको लावूस.

सून : का?

सासरे : आधी चहा घे.

सून : बाबा!

सासरे : तिरकी होती ती.

सून : कोण?

सासरे : काच. अकरा कशा ओळंब्यात, ही एकटीच तिरकी. पंचेचाळीस वर्षं गवंडीकाम केलंय, वाकडं दिसलं की हात शिवशिवतात. थापीच्या दांड्यानं जरा सरळ करायला गेलो.

सून : कधी?

सासरे : सकाळी. तू यायच्या आधी.

सून : आणि मघापासून मिठाची गुळणी धरून बसलात?

सासरे : सुनेला कुठल्या तोंडानं सांगू, मिस्त्रीचा हात चुकला म्हणून?

सून : सरका. नुसत्या शब्दावर नाही विश्वास ठेवणार. भेगेच्या दोन्हीकडे खिळे आहेत, मधलं अंतर पहिल्या दिवशी एकशे बारा मिलिमीटर होतं. आताही एकशे बारा! तुम्ही मोजा.

सासरे : एकशे बारा. जागचं हललं नाही गं.

(दोघे तारघराच्या पायरीवर बसतात.)

सून : रडू येतंय मला.

सासरे : रड. मग शिव्या दे.

सून : शिव्या घरी देईन. अहवालात मात्र खरं लिहावं लागेल.

सासरे : लिही. मिस्त्रीनं फोडली, असं स्पष्ट लिही.

सून : चला, नवी लावते. धरा तुम्ही. हं, बसली. कशी दिसते?

सासरे : डावीकडून सूतभर वर...

सून : बाबा.

सासरे : झकास दिसते. हे बघ, हात खिशात घातले.