दहाव्याच्या ओळीतून उठवलेला

दिंद्रुडच्या अलीकडं आमचं गाव. बाप मेंढरांमागं गेला, त्याचा बापबी मेंढरांमागंच, मी चालाय शिकलो तेच मेंढराची शेपटी धरून. शाळा दुसरीपस्तोर. मंग हातात कातर आली, मेंढरं कातरायचं काम. ते एकट्याचं काम न्हाई बघा, एकानं मेंढरू आडवं पाडून दाबून धरायचं, दुसऱ्यानं कातरायचं, धरणारा ढिला पडला की कातर कातड्यात जाते.

सोपान मला चौसाळ्याकडं कातरणीत भेटला. तो धरायचा, मी कातरायचो. काय सांगू तुमाला, त्याच्या हाताखाली मेंढरू वरडतच नव्हतं. माजं लगीन झालतं तवा. ती पोरगी लई गुणाची, पण मी तिच्या कामाचा नव्हतो, वर्षभरानं मीच बापाला म्हणलं, तिला सोडवा, तिचं दुसरं बघा. तिच्या जिंदगीचं वर्ष मी खाल्लं, ते पाप माजंच, कुणावर ढकलत न्हाई. मंग सोपान माज्या पत्र्याच्या शेडात राह्यला आला. चौदा वर्षं एका ताटात जेवलो आमी. गावाला कळायचं ते कळलं. बायल्या म्हणायचे, दगडं मारायचे, पंगतीत आमाला शेवटी अन् तेबी कडंला, माज्या सख्ख्या भावानं तर पोरीच्या लग्नात निरोप धाडला, येऊ नगंस, पाव्हणे काय म्हणतील. न्हाई गेलो. कशापायी जायचं?

परसाल सोपानला कावीळ झाली. झाडपाल्यात दिवस गेले, बीडला नेस्तोर डोळे पार हळदीवानी. तिथंच गेला तो. त्याचा थोरला भाऊ, चौदा वर्षांत ज्यानं तोंड दाखवलं न्हाई, तो जीप घेऊन आला अन् मला मड्याला हातबी लावू दिला न्हाई.

तरी दहाव्याला मी त्यांच्या गावी गेलो. नदीवर न्हावी बसलता, भावकी डोकं करायला ओळीनं बसलती. मीबी टोपी काढून शेवटी जाऊन बसलो. माजी पाळी आली, न्हाव्यानं डोक्याला पाणी लावलं, तवा तो भाऊ उठून आला, म्हणला, तू कोण लागतोस बे त्याचा?

समदी माणसं बघत व्हती. मी म्हणलं, दोस्त. दोस्त म्हणलं मी, चौदा वर्षांच्या माणसाला. ऊठ मंग, म्हणला, दोस्तासाठी कुणी केस काढत न्हाई. न्हाव्यानं मान खाली घालून वस्तरा पुसला. मी तसाच ओल्या डोक्यानं उठलो. त्या भावाचा आता एवढा राग येत न्हाई, माजाच येतो.

घरी येऊन कातर काढली, सोपाननंच धार लावलेली, अन् मेंढरांत बसून माजं डोकं माज्या हातानं कातरलं. रगत निघालं. धरणारा कुठं व्हता?

आता एकटाच कातरतो, मेंढराचे पाय दोरीनं बांधून. लई धडपडतात. माज्यासंगं बसाय कुणी येत न्हाई. तुमी आलात, माज्या हातचा चहा पिलात, भलं व्हवो तुमचं. पण मघाशी वही उघडून तुमीबी इचारलंत, सोपान कोण लागायचा, अन् मी परत दोस्तच म्हणलो. तेवढं खोडा. माजा नवरा व्हता, असं लिवा.