घोडा ठेवून बाहेर आलो

— नाही नाही, बसा हो, बाकावर जागा आहे, आणि मला कसलीच घाई नाही. घाई त्याला! त्या काचेतून आत बघा — कोपऱ्यातल्या पटावरचा तो टकलू — तो माझा व्याही. 'ते' म्हणायला हवं खरं तर, मुलगी दिलीय त्यांच्या घरात, पण पटावर कसला आलाय मानपान! दातांचा डॉक्टर आहे. जन्मभर लोकांना आ करायला लावून गप्प बसवलं, आता स्वतःही तसाच बसतो. क्लबच्या स्पर्धेत दर वर्षी मला हरवतो आणि वर म्हणतो, 'छान खेळलात हं!' — अस्सा राग येतो ना!

पण आज नाही. आज असा घोडा ठेवलाय की मात टाळली तर वजीर जातो, वजीर वाचवला तर मात! म्हटलं, बस आता विचार करत, मी येतो जरा वारा खाऊन. बघा ना — पटाकडे बघायचीही हिंमत नाही, नुसता घड्याळाकडे डोळे लावून बसलाय. वेळ संपली की डाव गेला, कळलं का? — एवढं काय त्यात? अहो, नात आहे आमची, दोघांत एकच. तिला बुद्धिबळ शिकायचंय, आणि ठरलंय, आज जिंकेल तो आजोबा शिकवणार, दर रविवारी, आपल्या घरी. तो हरला तर त्याचं काय जातंय? पोरगी दिवसभर त्याच्याच अंगाखांद्यावर. माझ्याकडे — ही गेल्यापासून माझ्याकडे कोण येतं हो? मापं द्यायला गिऱ्हाईक येतं तेवढंच, त्यालाही मी उगाच दोनदा मापतो — जाऊ दे. मजेत असतो मी. शिंप्याला काय, मशीन असते सोबतीला.

काय? हसतोय? हसू दे! उसनं अवसान आहे ते. घड्याळ कसं चालतं म्हणता? अगदी सोपं. चाल करायची, आपल्या बाजूचं बटण दाबायचं — आपलं थांबतं, समोरच्याचं सुरू होतं. म्हणजे मी बघा, घोडा उचलला, ठेवला, 'घ्या व्याही, आता बोला' म्हटलं, खुर्ची मागे सारली, ऐटीत उठून इथे आलो, आणि बटण —

बटण —

अहो, पाय घ्या! पाय घ्या आधी!