मालकांच्या डोळ्यांना सोसेल असं जाकीट

कामाच्या कपड्यांच्या दुकानात मी बिलाच्या रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एका गोदामाचे मॅनेजर होते आणि मापासाठी त्यांनी सोबत आणलेले हमालमामा. मामांचा डावा हात गळ्यात बांधलेला होता.

"मामा, हे करडं जाकीट कसं वाटतंय?"

"झकास आहे, साहेब. आपल्या गोदामाच्या फरशीला अगदी शोभून दिसतंय."

"तेच तर! धूळ बसली तरी कळायची नाही."

"आणि मी उभा असलो तरी कळायचं नाही. फोर्कलिफ्टवाल्यानं मला ठोकलं, म्हणूनच जाकिटं घ्यायची ठरली ना?"

"म्हणूनच तर एवढं जाड कापड निवडलंय."

"फोर्कलिफ्टपेक्षा जाड आहे का?"

"तुमचं आपलं काहीतरीच, मामा!"

"अहो, तो बिचारा शपथेवर सांगतोय, तुम्ही मला दिसलाच नाहीत म्हणून. ते नारिंगी घ्या की, चमकत्या पट्ट्यांचं. दुकानदार भावही तोच सांगतोय."

"भावाचं नाही हो. मालकांची काचेची केबिन वर आहे. खाली दिवसभर नारिंगी हलताना दिसलं की त्यांचं डोकं दुखतं."

"आणि आमची हाडं दुखतात, त्याचं काय?"

"फोर्कलिफ्टवाल्याला नीट बघून चालवायला सांगितलंय ना!"

"बरं. पण मालक स्वतः कधी खाली उतरले तर?"

"त्यांच्यासाठी एक नारिंगी घेतलंय. शेवटी माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"मग त्यांना रोज खाली घेऊन या, साहेब. आम्ही सगळे त्यांच्या आडोशानं काम करू."