खिंडीतली परेड

ऐका. आन् ए बाळू, शेकोटी उकरू नगंस, गप बस. भ्या वाटत आसंल तर आत्ताच घरी जा, मागनं मला तुज्या आयची बोलणी नगंत.

माजा चुलता, हैबती हवालदार. पेन्शनीत आल्याला गडी. खिंडीच्या वर फौजींचा खांब हाय न्हवं, लढाईत पडल्याल्या आपल्या पोरांची नावं कोरल्याला? त्याच्यावर हवालदाराच्या धाकट्या भावाचं बी नाव, ज्ञानूचं. ज्ञानू पडला त्या तिथीला दर साली ह्यो तितं दिवा लावायचा. त्या साली यष्टी वाटंतच बिघडली. गावात आला तवर दिवस बुडाला. काकी म्हनाली, "उद्या जावा." ह्यो म्हनतो, "तिथी उद्या न्हाई." गेला! एकटा!

दिवा लावला. वारं सुटल्यालं. सवयीनं "सावधान!" वरडला, सलाम ठोकला, आन् घाईनं माघारी फिरला.

तर मागनं बूट! खाड, खाड, खाड. ह्यो थांबला, बूट थांबलं. ह्यो चालला, बूट चाललं. एक माणूस न्हाई गा, आख्खी पलटण! मागं बघायची छाती हुईना. हसतंय कोण रं? तू आसतास तर चड्डीत मुतला आसतास.

मग आवाज आला. खांबावर सगळ्यात वर ज्याचं नाव, त्या सुभेदाराचा. "दाहिने मुड!" आन् हवालदाराचं पाय वळलं! आपसूक! जन्मभर हुकूम पाळल्यालं पाय, ते त्याचं कशाला ऐकत्यात? उजव्या अंगाला कडा. "तेज चल!" पाय निघालं. झुडपं धरली, तर हातात नुसता पाला आला. पायाखालचा धोंडा सुटून खाली गेला, पडल्याचा आवाज सुदीक आला न्हाई.

तवा ध्यानात आलं. सावधान केलं, पर विसर्जन कुटं केलं? परेड आजून चालूच हाय! आन् सुभेदार हुबा आसताना हवालदारानं परस्पर परेड कशी सोडायची? तसाच कड्यावरनं वरडला, "साब! परेड विसर्जन की इजाजत?"

वारं बी थांबलं. मग हळूच, "इजाजत है."

"विसर्जन!"

बूट पांगलं. पाय मोकळं झालं. हवालदार मटकन खाली बसला. वाचला!

आन् कानापाशी, अगदी कानापाशी, ज्ञानू बोलला.

"दादा, सुट्टी झाली न्हवं? मग मी घरी यिऊ?"

हवालदार जी धूम पळाला! सख्ख्या भावाला धड हो म्हनाला न्हाई, न्हाई म्हनाला न्हाई. मरंस्तवर रडायचा त्यापायी.

तर पोरांनो, दिवा लावाय जावा, जरूर जावा, पर उन्हाचं. दिवस बुडल्यावर त्या खिंडीची वाट धरू नगा. आपल्या गावचं माणूस दिसलं की ज्ञानू आजून बी त्योच सवाल करतो. आन् त्याला काय सांगायचं, ते मला बी ठावं न्हाई.