तुझं नाक, माझी छाती

हॅलो?... हो ताई, मीच. आवाज असाच येणार, दम पुरत नाहीये अजून... दवाखान्यात, तिसरा दिवस. ह्यांनी सांगितलं ना तुला?... थांब, आधी मला बोलू दे.

आमच्या ग्रंथपालबाई तुला बँकेत भेटल्या होत्या?... आणि तू काय म्हणालीस त्यांना?... 'सहज' म्हणे! 'धुळीची अ‍ॅलर्जी मलाही आहे, चार शिंका आल्या की संपलं, आमची धाकटी जरा नाजूकच!' हेच ना? शब्द न् शब्द ऐकवला त्यांनी मला. आणि दुसऱ्याच दिवशी माझी रवानगी तळघरात, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांत!

सांगितलं ना बाईंना! डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. तर म्हणतात, 'अहो, तुमची सख्खी बहीणच सांगते!'... मग उतरले तळघराचा जिना.

हो, हो... अगं ऐक ना! अ‍ॅलर्जी एकच, कबूल. डॉक्टरांनी धुळीचा अर्क टोचून बघितला तेव्हा दोघींचे हातही सारखेच सुजले. पण तुझं नाकावर निभावतं, माझं छातीत उतरतं... मनाचे खेळ? ताई, नळीत फुंकायला लावलं मला! श्वासनळीच्या आतली सूज कळते त्यात. आकडा पंचविसाच्या आत हवा, माझा नव्वद. मन फुगवतं का आकडा?... रक्तात अ‍ॅलर्जीच्या पेशी बेसुमार. वर्षानुवर्षं सुजून नळ्यांच्या भिंती जाड झाल्यात, आत चिकट कफाची बुचं बसतात... नाही गं, खोकून निघत नाहीत!

गुरुवारी तळघराच्या जिन्यात बसले ती उठलेच नाही. पंप ओढला, दोनदा, चारदा... काही नाही. शिपाईकाकांनी पाठीवर घालून वर आणलं. साठीला आलेला माणूस, ताई! ओठ निळे पडले होते माझे...

काय?... मोठ्याने बोल. तू बाईंना फोन केलास? कधी?... आज सकाळी?... 'मी चुकले, मला काही कळत नव्हतं'... असं म्हणालीस? तू?

...नाही, राग आहेच. राहणारच. एवढ्याने जाणार नाही तो... रडतेस काय आता! आणि मागे कसले हॉर्न वाजतायत? कुठे आहेस तू?... खाली? फाटकाशी? कधीपासून?... तासभर!

अगं मग वर ये ना!... कोण हाकलतंय तुला? ये. भांडणार तर आहेच मी, पण समोर बसून... दुसरा मजला, डावीकडे, खिडकीजवळची खाट... हॅलो? ताई?...

ठेवला. निघाली वाटतं.