कोनाचा हात हाय का?

मंडळी, तुम्ही सगळे आलात, बरं वाटलं. सुकापूरच्या या अंगणात एवढी माणसं मी महेशच्या हळदीनंतर आजच बघतेय. दादाला निरोप द्यायला बोलायला उभी राहिलेय. मी दत्तूदादाची धाकटी बहीण. दादाला रडकं तोंड चालत नसे, म्हणून हसून सांगायचा प्रयत्न करते.

दादाने तळोज्याच्या कारखान्यात जन्मभर विजेचं काम केलं. लायसनवाला माणूस. घरात मात्र आमचा नुसता छळ. साधा बल्ब बदलायचा तरी मेन बंद. आणि मेन परत चालू करण्याआधी ओरडायचा, "कोनाचा हात हाय का?" घरातल्या प्रत्येकाने "नाय" म्हणायचं. एकेकाने. आई होती तेव्हा तीसुद्धा देवासमोरून "नाय रं बाबा" म्हणायची. एक आवाज कमी पडला तरी दादा स्विचला हात लावायचा नाही. पाहुणे तर हैराण व्हायचे.

मग महेशचं, दादाच्या एकुलत्या एक मुलाचं लग्न ठरलं. त्याच्यासाठी वरचा मजला बांधला. खालच्या वायरीवरूनच एसी, गिझर ओढून घे, असं सगळे सांगत होते. दादा ऐकतोय कशाला? वरच्या मजल्याला वेगळा बोर्ड पाहिजे. खालून जाड केबल पाहिजे. बोर्डाला स्वतःचा मेन स्विच, शॉक बसला की आपोआप पडणारा स्विच, न्यूट्रलची पट्टी वेगळी, अर्थिंगची वेगळी. अर्थिंगचा खड्डा खणला तुळशीशेजारी. का? तर वहिनी तुळशीला रोज पाणी घालतेच, थोडं खड्ड्यालाही मिळेल, अर्थिंगची माती ओली राहिली पाहिजे.

हळदीचा दिवस उजाडला तरी याचं काम चालूच. वहिनी म्हणाली, नवा बोर्ड आहे, आधी पूजा करू. दादा म्हणाला, "आदी अर्थिंग, मंग पूजा." वहिनी फुगली.

संध्याकाळी मांडव भरला, मेन बंद म्हणून डीजेवाला ताटकळला. एकदा तपासून वरच्या बोर्डाचं झाकण लावायचं तेवढं राहिलं होतं. दादा खाली मेनपाशी आला आणि ओरडला. सगळ्यांनी "नाय" म्हटलं. वहिनीचा आवाज नाही. कोणी म्हणालं, असेल चुलीपाशी. डीजेवाला म्हणाला, काका, दाबा की. महेशसुद्धा वैतागला. दादा मेनसमोर खुर्ची टाकून बसला.

"सुमनचा आवाज येउंदे," म्हणाला.

मी तिला शोधत वर गेले. वहिनी नव्या बोर्डासमोर उभी. एका हातात तांब्या. दुसऱ्या हाताची बोटं ओल्या हळदीची, आणि ती बोटं उघड्या बोर्डाच्या आत. पट्टीला हळदकुंकू लावत होती. दादाची हाक तिला ऐकू आली होती. पण ओ दिली तर पूजा करू देणार नाही, म्हणून गप्प राहिली.

मी तिचा हात बाहेर ओढला आणि खाली धावले. दादाला सांगितलं. तो खुर्चीवरून उठला. वर गेला, बोर्ड पुसून कोरडा केला, पुन्हा सगळं तपासलं, झाकण लावलं. मग वहिनीला म्हणाला, "आता लाव. भायेरून."

ते कुंकवाचं बोट आजही झाकणावर आहे. आणि दादा त्या संध्याकाळी असा नाचला, की लग्नात कंबर धरून उभा होता.

वहिनी, हसतेयस ना पदराआड? हस. तू आज इथे बसून हसतेयस, हीच माझ्या भावाची कमाई. त्याचा मला फार अभिमान वाटतो.

चला, उभे राहू या. महेश आता मेन बंद करेल. पंखे थांबतील, थोडा उकाडा सोसा. दादाला मनातल्या मनात निरोप द्या. मग वहिनी मेनपाशी जाईल आणि दादासारखीच हाक मारेल. सगळ्यांनी उत्तर द्यायचं. एकेकाने.

एक आवाज कमी पडेल, वहिनी. तरी तू स्विच चालू कर.